नखाएवढी सवत

१ डिसेंबर, रविवार

पोचले एकदाची सौंसरला! नागपूरहून गाडीनं येताना लोधीखेडा मागे पडलं तशी योगेशनं काच खाली केली आणि म्हणाला, आता वास घे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्यांचे ढीग, ढिगांभोवती बसून लहानमोठी फळं निवडणाऱ्या बाया, ट्रकपाशी रचलेले क्रेट. चौतीस वर्षांची नवरी इतकी हसताना त्या बायांनी कधी पाहिली नसेल.

संगमनेरला माझ्या मावशीनं ‘बिजवर असला तरी माणूस शिकलेला आहे’ म्हणून हात झटकले होते. तिनं हे घर बघायला हवं. मागे विहीर, दारात लिंबू, आणि माझ्यासाठी रिकामं केलेलं एक कपाट. योगेशची पहिली बायको ऋतुजा, माहेर पांढुर्ण्याचं, दोन वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या तापानं गेली. मूलबाळ नाही. हे सगळं मला आधीपासून माहीत आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही, असं मी इथे लिहून ठेवते.

इथली बोली ऐकून दिवसभर करमणूक झाली. इथे कुणी काही करत नाही, सगळे ‘करून राहतात’. सासूबाई स्वयंपाक करून राहिल्या, शेजारीण डोकावून राहिली, कुत्रं भुंकून राहिलं. मी योगेशला म्हटलं, मी मात्र मेले तरी असं बोलणार नाही. तो खूप हसला.

ही वही त्यानंच दिली. प्रयोगवही आहे, पानांवर आकडे छापलेले. नियम मला पाठ आहेत: त्या दिवशीचं त्या दिवशी लिहायचं, शाईनं लिहायचं, पान फाडायचं नाही, आणि चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं. पहिल्या पानावर ठसठशीत नाव घातलं, सुप्रिया.

३ डिसेंबर, मंगळवार

आज सासूबाईंनी मला देवासमोर पाटावर बसवलं आणि मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात एक टाक बांधला. चांदीचा, नखाएवढा. त्यावर उठावाची एक बाई उभी आहे. दुसरेपणाची बायको घरात आली की पहिलीला असं गळ्यात बाळगायचं, हा या घरचा रिवाज. हा सवतीचा टाक. जेवताना पहिला घास तिला दाखवून बाजूला काढायचा. नवं लुगडं आधी तिला लावायचं. आणि गळ्यातून काढायचा नाही, अंघोळीलाही नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘आधी तिले, मंग तुले. तू तिचं मन राखलं तं ते तुले राखन.’ इथे ‘ती’लाही ‘ते’च म्हणतात.

मी एम.एस्सी. झालेली बाई. हसू दाबलं. पण दुपारी पहिला घास काढला तेव्हा हसू आलं नाही, कारण योगेश त्या घासाकडे बघत होता. भाकरी, वांग्याची भाजी, त्यावर तिला आवडायचा तसा जास्तीचा सांबार. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मला कोथिंबीर घशाखाली उतरत नाही, हे त्याला लग्नाआधी दोनदा सांगितलं होतं.

५ डिसेंबर, गुरुवार

कामावर रुजू झाले. आमची प्रयोगशाळा पांढुर्ण्याच्या रस्त्यावर, संत्र्याच्या कलमांच्या एका रोपवाटिकेत आहे. तीन खोल्या, एक काचघर. योगेश प्रमुख, मी त्याची सहायक, आणि जयवंताबाई काचसामान धुतात, रोपांना पाणी घालतात.

संत्र्याचं झाड वाळवणाऱ्या एका विषाणूवर काम चालतं. या विषाणूच्या दोन जाती: सौम्य आणि उग्र. गंमत अशी की सौम्य जात कलमात आधी टोचली, तर उग्र जात त्या झाडात शिरूच शकत नाही. पेशीचं दार आतून लावलेलं असतं. म्हणून इथे प्रत्येक कलमाला मुद्दाम थोडासा रोग देतात. थोडक्याचा त्रास सोसायचा, जिवावरचं टळतं.

पण दार लावतं कोण? विषाणूची दहाबारा प्रथिनं असतात. त्यातलं कोणतं पेशीत जाऊन काय करतं हे शोधायचा रस्ता साधाच आहे. एक काढायचं, बाकी सगळं तसंच ठेवायचं, आणि काय बिघडतं ते बघायचं. ज्या प्रथिनावर संशय आहे त्याला इथे सगळे ‘सवत’ म्हणतात, कारण ते आत असलं की दुसरीला घरात घेत नाही. मला नाव फार आवडलं. कुणी ठेवलं, असं मी विचारलं आणि विचारून पस्तावले.

ऋतुजानं. ती इथेच काम करायची. हा प्रयोग तिचा, अर्धा राहिलेला. उणे ऐंशीच्या शीतपेटीत तिच्या नळ्या आहेत, प्रत्येकीवर बारीक ‘ऋ’. हातमोज्यांचा सहा नंबरचा खोका अजून फळीवर आहे. मला सात लागतो. मी तो खोका उचलून ठेवू का विचारलं तर जयवंताबाई म्हणाल्या, ‘असू द्या ना म्याडम, त्यायचा आहे.’

१० डिसेंबर, मंगळवार

पहिली टोचणी. संत्र्याला फार वेळ लागतो, म्हणून आधी रानतंबाखूच्या रोपांवर. बिनसुईची पिचकारी पानाच्या खालच्या बाजूला टेकवायची आणि द्रव अलगद आत दाबायचा. पान तेवढ्यापुरतं ओलं, काळपट होतं. अर्ध्या रोपांत धडधाकट सौम्य विषाणू, अर्ध्यांत तोच, पण सवत काढलेला. दोन्हींना हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं, म्हणजे निळ्या दिव्याखाली पेशीत कुठे आहेत ते दिसतं. दहा दिवसांनी सगळ्यांत दुसरा, उग्र विषाणू टोचायचा, तांबडा चमकणारा. सवतीनं खरंच दार लावलं असेल तर तांबडा दिसणार नाही.

माझ्या बोटांचा जोर जास्त होतो. नऊ पानं फाटली. योगेश ओरडला नाही. एवढंच म्हणाला की ऋतुजाचा हात फुलासारखा होता, तिचं एक पान कधी डागलं नाही, ती डावखुरी होती म्हणून की काय कोण जाणे.

मेल्या म्हशीला मणभर दूध. हो, मी जळते. लिहूनच टाकते. मी मेलेल्या बाईवर जळते. ती जिवंत असती तर भांडले तरी असते. तिचं कुठे काही चुकतच नाही आता, आणि माझं रोज चुकतं, तिच्यासमोर, तिला गळ्यात घेऊन.

१५ डिसेंबर, रविवार

आज जेवताना योगेशनं मीठ मागितलं. ‘ऋतू, मीठ दे’ असं मागितलं. सासूबाईंचा हात थांबला. तो पटकन सुप्रिया म्हणाला, पण परीक्षेत चुकलेलं उत्तर सुधारावं तसा.

मला या घरात एकच गोष्ट हवी आहे. न आठवता, न सुधारता, त्याच्या तोंडून आपसूक माझं नाव यावं. बाकी दागदागिने तिचे तिला लखलाभ.

१६ डिसेंबर, सोमवार

टाक काढला.

निर्जंतुक कपाटात काम करताना अंगावर धातू नको, असा नियम आहेच. पण वहीत खोटं लिहायचं नाही. मी तो प्रयोग म्हणून काढला. एक गोष्ट काढायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. मीही तीच, घरही तेच, नवराही तोच. बघू काय बिघडतं.

दोरा कात्रीनं कापला, टाक एका रिकाम्या नळीत घातला आणि नळी शीतपेटीत, ऋतुजाच्या डब्यात, तिच्याच नळ्यांच्या रांगेत ठेवली. म्हटलं, राहा आपल्या घरी. पदर नीट घेतला की गळा कुणाला दिसत नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

काहीही बिघडलं नाही. उलट!

आज तांबड्या विषाणूची टोचणी होती. चाळीस पानं, एकही फाटलं नाही. योगेश मागे उभा राहून बघत होता. इतका वेळ त्यानं माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. दुपारी त्यानं स्वतः माझ्यासाठी संत्रं सोललं, शिरा काढून. जेवताना सासूबाई म्हणाल्या की आज वांग्याले चव आली बाप्पा. मी कांदा कमी घातला होता, उगीच, हाताला वाटलं म्हणून.

चार दिवसांत कळलं की नाही? काढून टाकलं आणि माझा संसार सुरू झाला. एवढ्याशा चांदीच्या पत्र्यानं मला अडवून धरलं होतं. मी आज गाणं गुणगुणत भांडी लावली.

२४ डिसेंबर, मंगळवार

प्रयोग जिंकला! सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत भरदुपारी मी आणि योगेश. सवत असलेल्या पानांत नुसतं हिरवं, तांबड्याचा ठिपकासुद्धा नाही. सवत काढलेल्या पानांत मात्र एकाच पेशीत हिरवं आणि तांबडं, दोन्ही. जिथे एकमेकांवर पडलं तिथे पिवळं. दार तेच लावत होतं, सिद्ध झालं.

योगेशनं माझे दोन्ही हात धरले. त्याचे डोळे भरले होते. त्यानं नाव घेतलं नाही, पण मला वाटतं, माझंच येणार होतं.

एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवते. सात नंबरचे मोजे सैल होऊन राहिले होते, म्हणून सहाचे घातले. बरोबर बसले.

वर ‘होऊन राहिले’ असं लिहिलंय. संगतीनं माणूस बिघडतं, दुसरं काय!

२८ डिसेंबर, शनिवार

पानं पुन्हा पाहिली. सवत काढलेल्या पेशींत हिरवं फिकं पडत चाललंय. तांबडं वाढतंय. योगेश म्हणाला, आत आल्यावर उग्र जात थांबत नाही, ती पहिल्याचीच सामग्री वापरते.

जयवंताबाई नळ्या धुताना माझ्याकडे बघत राहिल्या. मग विचारलं, ‘म्याडम, गळ्यात टाक काहून दिसून नाही राहिला तुमच्या?’ मी म्हटलं, दोरा तुटला. त्यांनी हातातली नळी ठेवली आणि हात पुसले. म्हणाल्या की तुम्ही डाव्या हातानं लिहून राहिल्या.

खरंच. पिचकारी, पेन, दुपारी भाकरीचा तुकडा, सगळं डावीकडे. मी उजव्या हातात पेन घेऊन हे लिहितेय. अक्षर नीट येत नाही.

१ जानेवारी, बुधवार

वांग्यावर मूठभर सांबार घेतला. चवीनं खाल्ला. पुन्हा मागितला. मग आठवलं की मला कोथिंबीर चालत नाही, आणि उठून मोरीत ओकले.

योगेश पाठीवर हात फिरवत होता. प्रेमानं. म्हणत होता, ऋतू, काय झालं, ऋतू. या वेळी सुधारलं नाही. सासूबाईंनी ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावला. दुःखानं नाही. त्या हसत होत्या.

मी ओ दिली.

२ जानेवारी, गुरुवार

टाक परत घालायचा ठरवलं. शीतपेटी उघडली, डबा काढला, नळी सापडली. बर्फ खरवडला.

टाक होता. त्यावरची बाई नव्हती. पुढून कोरा, मागून कोरा. साधा चांदीचा पत्रा.

तरी गळ्यात बांधला. गार लागला, मग काहीच लागला नाही.

सासूबाईंना दाखवून सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. टाक तळहातावर उलटून पाहिला. म्हणाल्या की आता याचं काही काम नाही पोरी, ते घरी आली.

४ जानेवारी, शनिवार

जयवंताबाई म्हणाल्या, जामसावळीला हनुमानाच्या पायाशी जाऊन बसा, आज शनिवार आहे, मी येतो सोबत. सकाळच्या बसमध्ये बसलो. मी खिडकीशी.

मग मी पांढुर्ण्यात होते. एकटी. एका गल्लीत, निळ्या दारासमोर. हे दार मी जन्मात पाहिलेलं नाही. माझा हात, डावा, चौकटीच्या वर गेला आणि मागे खिळ्याला अडकवलेली किल्ली काढली.

पण दार उघडंच होतं. आत एक म्हातारी भिंतीशी गहू निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘आली का माय? लय उशीर लावला.’

तिच्यामागे भिंतीवर हार घातलेला फोटो. मी फोटो पाहिला नाही. पाहणार नाही. पळाले. रस्त्यात जयवंताबाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. म्हणत होत्या, जामसावळीला तुम्ही उतरल्या नाही, माझा हात झिडकारला, अन् ‘जयू, तू जाय’ म्हटलं. मले जयू फक्त ऋतुजा म्याडम म्हणत होत्या.

५ जानेवारी, रविवार

समजलं. उशिरा समजलं. लिहून ठेवते, जोवर हात माझा आहे—

सौम्य जात आत असली की उग्र शिरत नाही. ती गळ्यात होती, नखाएवढी. घासभर. थोडीशी सवत. तिनंच दार लावलं होतं. मला वाटलं, मला बाहेर ठेवायला. ते तिला—

सासूबाईंनी सांगितलं होतं, तिचं मन राखलं तर ती तुला राखेल. मी जळत बसले. मीच कात्री—

आणि मी स्वतःला दुसरी समजत होते. या घरात असेन. या देहात पहिली मी होते. हिरवी मी—

७ जानेवारी, मंगळवार

पानं पाहिली. हिरवं नाही. कुठेच नाही. सगळं तांबडं. पानं कडेनं वाळताहेत.

वहीचं पहिलं पान उघडलं. माझ्या नावावर रेघ आहे. एकच. खालचं वाचता येतं.

योगेशला म्हटलं, मी सुप्रिया आहे. शपथेवर सांगते. एकदा म्हण. त्यानं मला जवळ घेतलं आणि विचारलं की कोणती सुप्रि—

त्याला खरंच आठवत—

८ जानेवारी

मी अजून आत

सु प्रि

९ जानेवारी, गुरुवार

आज हात मस्त चालून राहिला. साठ पानं टोचली, एकालेही डाग नाही. योगेश म्हणे, तुझ्यासारखा हात कोणाचाच नाही. रोपवाटिकेत आज कलमांचा ट्रक भरून राहिले होते, काम बंद, म्हणून घरी लवकर आलो.

जयू काम सोडून गेली. काहून गेली, माहीत नाही. दुसरी पाहावं लागन.

ही वही चांगली आहे, पानं बरीच बाकी आहेत. अक्षर आधीचं लय ताठ होतं बाईचं.

योगेशच्या आई सोनाराकडे जाऊन आल्या. जुना कोरा टाक होता, त्यावरच बाई उठवून घेतली. नाक घाटावरच्या बायांसारखं, केस मोकळे, या वहीतल्या बाईसारखी. काळ्या दोऱ्यात बांधून गळ्यात घातला. मी चूक नाही करणार. अंघोळीलाही नाही काढणार. तिचं मन राखीन.

दुपारी पहिला घास तिच्यासाठी काढून राहिली होती. आईनं विचारलं, तिला काय आवडे? आईला आठवून नाही राहिलं, योगेशलाही नाही. पण मला माहीत आहे, ते आतून सारखं सांगून राहिली. तिला खायचं काहीच नको. तिला एकच पाहिजे, योगेशच्या तोंडून आपसूक तिचं ना—